भिंतीवर फोटो कोणाचे लावायचे?

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की अमेरिकन कॉलेजांमधल्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी, म्हणजे ती ग्रीक अक्षरांच्या नावांची मुलांची आणि मुलींची मंडळं, यांना आपल्या प्रसिद्ध माजी मेंबरांची नावं मिरवायची भारी हौस असते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. काही पत्रं चिडलेली आहेत, तीही घेतलीयेत. नाव कोणाचंच छापत नाही.

प्रश्न: नमस्कार ताई. माझी मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोरोरिटीत गेलीये (आमचा विरोध होता, पण ते असो). त्यांच्या चॅप्टरचा, म्हणजे त्या कॉलेजातल्या शाखेचा, वर्धापनदिन जवळ आलाय आणि हाउसच्या, म्हणजे मेंबर राहतात त्या घराच्या, हॉलमधे नामवंत माजी मेंबरांची भिंत करायचं काम हिच्या गळ्यात पडलंय. मी एवढंच म्हटलं की अगं त्या बायका स्वतःच्या कष्टाने मोठ्या झाल्या, त्यात तुमच्या सोरोरिटीचा काय संबंध, तर फोनवरच भडकली. असं मिरवणं बरोबर आहे का?

उत्तर: मिरवू दे की तिला. फक्त काय मिरवायचं ते नीट ठरवायला हवं, आणि ते ठरवायचं कसं हे तुमच्याच प्रश्नात आहे: संबंध काय? हा प्रश्न तिला परत विचारा, पण या वेळी टोमणा म्हणून नको.

संबंध कधी कधी खरोखर असतो. १९०६ साली कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा सुरू केली, कारण त्या कॅम्पसवर ते एकटे पडले होते, बाकीच्या फ्रॅटर्निटीची दारं त्यांना बंदच होती, मग म्हणाले आपणच आपल्याला धरून राहू. पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थरगुड मार्शल याच फ्रॅटर्निटीचे, विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस याच फ्रॅटर्निटीचे आणि मार्टिन लूथर किंग ज्युनियर पण, ते १९५२ मधे बॉस्टनला डॉक्टरेट करत असताना आले. आता किंग काही अल्फामुळे किंग झाले नाहीत हे अल्फावालेही मान्य करतील. पण वॉशिंग्टनमधे किंग यांचं जे स्मारक आहे ना, त्याची कल्पना १९८४ मधे अल्फाच्या मेंबरांनी मांडली, काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी मिळायला १९९६ उजाडलं, मग पैसे गोळा करणं, जागा, डिझाइन, ते सगळं होऊन स्मारक खुलं झालं २०११ मधे. म्हणजे २७ वर्षं लोक एका कामाच्या मागे लागलेले. आपल्या माणसाचा मान ठेवणं म्हणतात ते हे. फोटोला फ्रेम करायला एक दुपार पुरते.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, बेसबॉलचं आहे. लू गेरिग कोलंबिया युनिव्हर्सिटीत असताना फाय डेल्टा थीटा या फ्रॅटर्निटीत होता. पुढे न्यूयॉर्क यांकीजकडून लागोपाठ २१३० सामने खेळला, मग स्नायू निकामी करत जाणाऱ्या एएलएस या आजाराने १९४१ मधे गेला, वय अवघं ३७. अमेरिकेत लोक त्या आजाराला अजून गेरिगचं नाव देऊनच ओळखतात. फ्रॅटर्निटीने काय केलं, तर १९५५ पासून त्याच्या नावाने दर वर्षी एका बेसबॉलपटूला पुरस्कार सुरू केला, आणि तो खेळातल्या आकड्यांवर नाही, तर तो माणूस म्हणून मैदानावर आणि बाहेर कसा वागतो त्यावर. गेरिग कोण होता हे माहीत नसलेल्या पोरांनाही त्यामुळे दर वर्षी विचार करावा लागतो की या पुरस्काराला लायक कोण.

आणि कधी कधी फोटोतला माणूस प्रसिद्ध नसला तरी चालतो. डेल्टा सिग्मा थीटा ही सोरोरिटी १३ जानेवारी १९१३ ला हॉवर्ड युनिव्हर्सिटीत २२ मुलींनी काढली आणि ३ मार्चला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते, त्या मुली वॉशिंग्टनमधे बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात उतरल्या. काळ्या बायकांनी मागे चालावं असा त्या मोर्चात आग्रह होता, तरी गेल्या. त्या २२ जणींपैकी किती नावं कोणाला पाठ असतील? पण चॅप्टरने अभिमान धरायचा तर याचाच धरावा, कारण हे त्यांनी सोरोरिटी म्हणून केलं.

तर लेकीला माझ्याकडून सांगा की फोटोखाली नाव आणि पद लिहून थांबू नको. ती बाई चॅप्टरमधे असताना काय करत होती ते शोध. हाउसच्या जिन्यात दर वर्षाची कॉम्पोझिट लावलेली असतात बघा, सगळ्या मेंबरांच्या छोट्या छोट्या फोटोंची एकच मोठी फ्रेम, खाली बारीक अक्षरात नावं आणि पदाधिकारी वरच्या ओळीत. त्यात ती बाई कुठे आहे ते बघ, खजिनदार होती का, जेवणाचं बघायची का, की कोपऱ्यात कुठेतरी आहे आणि नावाचं स्पेलिंगही चुकलंय. तिच्याबरोबरच्या ज्या हयात असतील त्यांना फोन कर. काहीच सापडलं नाही तर समज की ही बाई चार वर्षं इथे राहून गेली, एवढंच आपलं तिच्याशी नातं, आणि मग तिचा फोटो लावायचाच असेल तर छोटा लाव. मला खात्री आहे यातून तुमच्या वादाला पण जरा वेगळं वळण लागेल, कारण तुम्ही म्हणताय ते अर्धं खरं आहे हे तिला स्वतःलाच दिसेल.

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत पहिल्या वर्षाला आहे, रश, म्हणजे फ्रॅटर्निटीत नवीन मुलं निवडायचा मोसम, चालू आहे. एका हाउसमधे गेलो तर त्यांनी पहिली दहा मिनिटं फक्त नावं सांगितली, इतके प्रेसिडेंट आमचे, इतके सिनेटर आमचे, एवढे टक्के सीईओ ग्रीक (म्हणजे या मंडळांचे मेंबर) असतात वगैरे. जाम इम्प्रेस झालो खरं सांगतो. जॉइन करू का?

उत्तर: अरे, नावं खरी असतील, नावांबद्दल ते सहसा खोटं बोलत नाहीत. प्रॉब्लेम नावांत नाहीये, त्यावरून तुझ्या डोक्यात जे गणित तयार होतंय त्यात आहे.

डेल्टा कॅपा एप्सिलॉन घे, येलला १८४४ मधे सुरू झालेली, लोक डीक म्हणतात. थिओडोर रूझवेल्ट, जेराल्ड फोर्ड, दोन्ही बुश, सगळे डीकचे. आता विचार कर की थोरले बुश कोणाचे चिरंजीव होते? पुढे सिनेटर झालेल्या बँकरचे. धाकटे कोणाचे ते तुला माहीतच आहे. ज्या काळात येल-हार्वर्डमधे ठरावीक घरातलीच मुलं जायची आणि त्यातली बरीचशी कुठल्या ना कुठल्या क्लबात असायची, त्या काळात देश चालवायला गेलेल्यांच्या बायोडेटात फ्रॅटर्निटीचं नाव नसतं तरच नवल. ती पोरं आत यायच्या आधीच अर्धा जिना चढलेली होती. आणि टक्केवारीचं म्हणशील तर कोणी टक्के सांगितले की एकच विचारायचं, कोणत्या वर्षातल्या, कोणत्या कंपन्या, मोजले कोणी? समोरचा हसून विषय बदलतो, बघ अनुभव घेऊन.

याच डीकची दुसरी यादी पण आहे, ती तुला कोणी वाचून दाखवणार नाही. १९६७ मधे न्यूयॉर्क टाइम्समधे बातमी आली की येलच्या डीकमधे नवीन मुलांच्या पाठीवर तापवलेल्या तारेने डाग देतात. त्या चॅप्टरचा माजी अध्यक्ष म्हणून तरुण जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर काय म्हणावं, तर ती खूण म्हणजे सिगारेटच्या चटक्याएवढीच असते. २०१० मधे त्याच चॅप्टरच्या नवीन पोरांनी कॅम्पसवर मुलींबद्दल अत्यंत घाण घोषणा दिल्या आणि २०११ मधे येलने चॅप्टरवर पाच वर्षांची बंदी घातली. भिंतीवर राष्ट्राध्यक्ष होतेच की तेव्हाही. काय उपयोग झाला?

आता एक गोष्ट सांगते ती नीट वाच, कारण तुझ्या वयाच्याच मुलाची आहे. वर मी फाय डेल्टा थीटाचं कौतुक केलं, गेरिगचा पुरस्कार वगैरे. नील आर्मस्ट्राँग पण त्यांचेच, पर्ड्यू युनिव्हर्सिटीतले. म्हणजे यादीत चंद्रावर पहिलं पाऊल टाकलेला माणूस, याच्या वर कोण काय दाखवणार! शिवाय या फ्रॅटर्निटीने २००० सालापासून आपल्या हाउसमधे दारूबंदी केलेली. आणि तरी सप्टेंबर २०१७ मधे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्याच चॅप्टरमधे काय झालं, तर नवीन मुलांना रात्री बोलावून एका रांगेत उभं केलं, आणि फ्रॅटर्निटीच्या माहितीवर आणि ग्रीक अक्षरांवर प्रश्न विचारायला सुरुवात केली, उत्तर चुकलं की १९० प्रूफची, म्हणजे ९५ टक्के अल्कोहोलची, दारू घोटायची. या प्रकाराला त्यांनी नाव ठेवलं होतं बायबल स्टडी. त्यातला १८ वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, रक्तातलं अल्कोहोल ०.४९५, गाडी चालवायची मर्यादा ०.०८ असते त्याच्या सहापट. एका माजी मेंबरला पुढे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं, चॅप्टर बंद झाला, २०१८ मधे त्या राज्याने हेझिंगचा, म्हणजे तिथल्या रॅगिंगविरुद्धचा, कायदा कडक केला.

मी हे का सांगतेय, तर बघ, परीक्षा कशावर घेत होते. स्वतःच्या मंडळाच्या माहितीवर. हा अभिमान पाठांतराचा विषय झाला आणि वरच्याच्या हातात छडी म्हणून आला की काय होतं ते यात आहे. त्यामुळे ज्या हाउसमधे पहिली दहा मिनिटं नावं सांगतात, तिथे तू अकराव्या मिनिटाला विचार की नवीन मेंबरला ही नावं पाठ करावी लागतात का, आणि नाही आली तर काय होतं. चेहरे बघ फक्त.

आणि एक कामाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मधे अमेरिकेत स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट झाला. त्याप्रमाणे कॉलेजांना हेझिंगमधे दोषी ठरलेल्या संघटनांची नावं आणि प्रकार जाहीर रिपोर्टमधे टाकावे लागतात. तुझ्या कॉलेजच्या साइटवर तो शोध, त्या हाउसचं नाव टाकून बघ. हो म्हणायच्या आधी हे कर, घरी पण दाखव. मग आवडली मुलं तर जा खुशाल, चांगली हाउसेस पण असतात, चार वर्षं सोबत मिळते.

प्रश्न: तुम्ही मागच्या वेळी "हौस" असा सौम्य शब्द वापरलात त्याचा राग आला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांना रंगावरून, धर्मावरून बाहेर ठेवलं त्यांनी कसले फोटो लावायचे? सरळ बंद करा म्हणावं ही नाटकं.

उत्तर: राग समजला, आणि बराचसा योग्यच आहे. अनेक जुन्या फ्रॅटर्निटीच्या नियमात अगदी लिहून ठेवलेलं असायचं की मेंबर गोरा आणि ख्रिश्चनच हवा. १९४८ मधे अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या फाय कॅपा साय चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं तर नॅशनलने, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या देशभराच्या मुख्य संघटनेने, त्या चॅप्टरलाच बाहेर काढलं. हे फार जुनं वाटत असेल तर २०१३ बघा. अलाबामा युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्याच पेपरने, क्रिमसन व्हाइट नाव त्याचं, बातमी फोडली की सोरोरिटीतल्या आत्ताच्या मुली कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला तयार होत्या आणि माजी मेंबर बायकांनी आडकाठी केली. मार्क उत्तम, शिफारसी उत्तम, तरी नाही. कॅम्पसवर मोर्चा निघाला, युनिव्हर्सिटीला हस्तक्षेप करावा लागला आणि मग दारं उघडली.

म्हणून मला वाटतं आपण सगळे चुकीच्या जागी बघतोय. अ‍ॅल्युम्नींचा गौरव म्हणजे फक्त फोटो नसतो, त्यातून त्यांचा वजनदारपणा तयार होतो. ज्यांना तुम्ही दर वर्षी स्टेजवर बसवता, हार घालता, ज्यांच्या देणगीवर छप्पर दुरुस्त होतं, त्यांनी एक दिवस फोन करून सांगितलं की अमुक मुलगी नको, तर २० वर्षांची चॅप्टर प्रेसिडेंट काय बोलणार? फोटो काढून टाकले तरी तो फोन येतच राहील. माजी मेंबरांचा मान ठेवा पण नवीन कोणाला घ्यायचं त्यात त्यांचं मत शून्य, असा लेखी नियम करा, माझ्या मते हे भिंत उतरवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आणि "सरळ बंद करा" यावर माझी एक अडचण आहे. बंद केलं तर सगळ्यांत आधी कोणाचं जातं? ज्यांच्याकडे दुसरीकडे कुठे भिंत नव्हती त्यांचं. कृष्णवर्णीयांच्या नऊ फ्रॅटर्निटी-सोरोरिटी आहेत, डिव्हाइन नाइन म्हणतात, त्यांच्यात कॉलेज संपलं म्हणून मेंबरशिप संपत नाही, पन्नाशीतले लोकही ग्रॅज्युएट चॅप्टरमधे कामं करत असतात. नासाच्या गणिती कॅथरीन जॉन्सन अल्फा कॅपा अल्फा या सोरोरिटीच्या होत्या, त्यांचं नाव जगाला कळायला त्यांची नव्वदी उलटावी लागली. काँग्रेसमधे निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम डेल्टा सिग्मा थीटाच्या होत्या. ज्यांच्या लोकांना पाठ्यपुस्तकाने जागा दिली नाही त्यांनी आपल्या हॉलमधे दिली, याला मी नाटक म्हणणार नाही. डीकच्या भिंतीवरचे प्रेसिडेंट आणि हे, दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

प्रश्न: आमच्या फ्रॅटर्निटीत (ग्रॅज्युएट होऊन बरीच वर्षं झाली, अजून अ‍ॅल्युम्नी बोर्डवर आहे) वाद चालू आहे. एका जुन्या मेंबरच्या भानगडी बाहेर आल्यात. काही म्हणतात नाव काढा, काही म्हणतात इतिहास पुसू नका. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर: काढा भिंतीवरून, ठेवा वहीत. तो मेंबर होता ही नोंद आहे, ती राहते, खोडायचा अधिकार कोणाला नाही. पण फ्रेम करून हॉलमधे टांगणं ही निवड असते, आणि निवड बदलता येते. "इतिहास पुसू नका" म्हणणाऱ्यांना विचारा की मग १९६०च्या मीटिंगची मिनिट्स कुठे आहेत, ती वाचली का कधी? बहुतेकांना इतिहास फक्त फ्रेमपुरता हवा असतो.

उदाहरणं बघा, सगळ्या प्रकारची आहेत. कॅपा अल्फा ऑर्डर १८६५ मधे व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनला सुरू झाली, अमेरिकन यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या, बाजूने लढलेले जनरल रॉबर्ट ई. ली तेव्हा त्या कॉलेजचे प्रेसिडेंट होते. ते मेंबर नव्हते हं, तरी पुढे त्यांना आध्यात्मिक संस्थापक ठरवलं आणि मग पोरं ओल्ड साउथच्या पार्ट्यांना कॉन्फेडरेट सैन्याचे युनिफॉर्म घालून फिरू लागली, ते युनिफॉर्म बंद करायला २०१० उजाडलं. म्हणजे जो आपला नव्हताच त्याला ओढून आणला आणि त्याच्यासोबत गुलामगिरीच्या बाजूचं अख्खं युद्ध घरात आलं. वुड्रो विल्सन फाय कॅपा सायचे, खरेखुरे मेंबर, राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांमधे काळे-गोरे वेगळे बसवणं वाढलं. प्रिन्स्टनने २०२० मधे आपल्या एका स्कूलवरून त्यांचं नाव उतरवलं, युनिव्हर्सिटीच्या माजी प्रेसिडेंटच्या यादीत मात्र ते आहेतच अजून. मला हे जमलेलं वाटतं.

आणि तिसरे केनेथ ले, एन्रॉनवाले! दाभोळमुळे आपल्याला कंपनीचं नाव तोंडपाठ. मिझुरी युनिव्हर्सिटीत ते बीटा थीटा पायच्या चॅप्टरचे प्रेसिडेंट होते. २००६ मधे फसवणुकीत दोषी ठरले, शिक्षा सुनावण्याआधीच वारले म्हणून कायद्याने तो निकाल रद्द झाला. आता अशा माणसाला यादीत कुठे बसवणार? कोर्टाने निकाल रद्द केला म्हणून आपण पण विसरायचं का, तर नाही, हजारो लोकांची पेन्शन बुडाली ती काही परत आली नाही.

तुमच्या बोर्डसाठी एवढंच सुचवेन की भानगड बाहेर आल्यावर मीटिंग घेऊ नका, त्यात सगळे तापलेले असतात आणि त्याचे दोस्त पण तिथेच बसलेले असतात. आधीच ठरवून ठेवा कोणत्या गोष्टीवर फ्रेम उतरेल, आणि दर काही वर्षांनी सगळी भिंत परत बघायची, सगळ्यांची, म्हणजे एकाला टार्गेट केलं असं होत नाही. जिवंत माणसांना तर मी म्हणेन थोडं थांबूनच लावा, घाई काय आहे.

प्रश्न: ताई, माझी भाची साउथ एशियन सोरोरिटीत आहे. ती म्हणते मावशी, आमची सोरोरिटी ९८ ची, आमच्यात कोणी फेमसच नाही गं, बाकीच्या हाउसेसकडे बघून कसंतरी वाटतं. काय सांगू तिला?

उत्तर: तिला सांगा की तिच्याकडे जे आहे ते त्या जुन्या हाउसेसकडे कधीच येणार नाही. संस्थापक जिवंत आहेत! साउथ एशियन फ्रॅटर्निटी-सोरोरिटी या बहुतेक १९९०च्या दशकातल्या, आयोटा न्यू डेल्टा बिंगहॅम्टनला १९९४ ची, कॅपा फाय गॅमा ऑस्टिनला १९९८ ची. ज्या मुलींनी तेव्हा अर्ज भरले, घरच्यांना कसंबसं समजावलं (सोरोरिटी म्हणजे पार्ट्या असं वाटणारे आईबाप तेव्हाही होतेच), त्या आज पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत, कुठेतरी नोकरी करतायत, मुलांना क्लासला सोडतायत. त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि तासभर बोलतं करा, रेकॉर्ड करून ठेवा. पहिली मीटिंग कोणाच्या खोलीत झाली, नाव कसं ठरलं, भांडणं कशावरून झाली. फाय बीटा कॅपा १७७६ ची, आज सगळ्यात जुनी म्हणून मिरवते, पण तिच्या संस्थापकांना कोणी फोन लावू शकतं का!

आणि एक, फेमस नाही म्हणून उसना आणू नका. हा रोग जुना आहे. एल्विस प्रेस्ली कॉलेजची पायरीसुद्धा चढला नाही तरी टाऊ कॅपा एप्सिलॉनने त्याला मानद मेंबर करून घेतलं, शेजारी यादीत रोनाल्ड रेगन आहेत ते मात्र खरे, युरेका कॉलेजचे. मानद मेंबर करूच नये असं नाही म्हणत, अल्फा कॅपा अल्फाने एलेनॉर रूझवेल्ट यांना केलं त्याला अर्थ होता, ती बाई त्या काळात उघडपणे त्यांच्या बाजूने उभी राहिली. पण मग तसं स्पष्ट लिहा, मानद म्हणून. कमला हॅरिस यांचंही नाव उसनं नको, त्या १९८६ मधे हॉवर्डला असताना अल्फा कॅपा अल्फात गेल्या, आई भारतीय म्हणून आपण त्यांना आपल्या सोरोरिटीच्या पोस्टरवर घ्यायचं हे काही खरं नाही.

प्रश्न: नवऱ्याच्या फ्रॅटर्निटीकडून सारखी देणगीची पत्रं येतात, आणि अ‍ॅल्युम्नी डिनरला सत्कार नेहमी चेक देणाऱ्यांचाच. हे कसं वाटतं?

उत्तर: वाईट वाटतं, पण आश्चर्य वाटत नाही. हाउस बहुतेक वेळा माजी मेंबरांच्या कंपनीच्या नावावर असतं, दुरुस्ती, विमा, कर सगळं त्यांच्याकडे, स्कॉलरशिपसाठी वेगळं फाउंडेशन असतं आणि करसवलत साधारणपणे त्या फाउंडेशनला दिलेल्या पैशावरच मिळते, हे चेक लिहायच्या आधी नवऱ्याला बघायला सांगा. देणगीदारांचे आभार मानावेत, त्यांचा वेगळा बोर्ड करावा, त्यावर देणगीदार असं स्वच्छ लिहावं. पैसे दिले म्हणून नामवंत, ही गल्लत नको. त्या डिनरला एकदा एखाद्या शाळामास्तर झालेल्या मेंबरला स्टेजवर बोलवा असं सुचवून बघा म्हणावं, किती खुर्च्या रिकाम्या होतात ते कळेल.

प्रश्न: आमचा एक माजी मेंबर निवडणुकीला उभा आहे. चॅप्टरच्या पेजवर त्याचं अभिनंदन टाकलं तर चालेल?

उत्तर: निवडून आल्यावर टाका. निवडणुकीआधी फाउंडेशनच्या नावाने तर अजिबात नको, अमेरिकन करकायद्यात धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करायला मनाई आहे, आणि अभिनंदन कुठे संपतं आणि प्रचार कुठे सुरू होतो यावर वकिलांची पोटं भरतात. चॅप्टरमधे दुसऱ्या पक्षाची पोरं पण आहेत हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: एक नावाजलेला अ‍ॅक्टर आमच्या हाउसचा होता असं सगळे सांगतात, पण कॉम्पोझिटमधे तो कुठेच नाही. लावू का फोटो?

उत्तर: नको. कदाचित तो फक्त प्लेज, म्हणजे उमेदवार, होता, इनिशिएशनच्या, म्हणजे मेंबर करून घेण्याच्या विधीच्या, आधीच सोडून गेला असेल, असे बरेच असतात आणि दंतकथेत ते हळूहळू मेंबर होतात. नॅशनल ऑफिसला ईमेल टाका, त्यांच्या रजिस्टरमधे चॅप्टर आणि इनिशिएशनची तारीख मिळते. तारीख मिळाली तर लावा, आणि तो हयात असेल तर त्याच्या ऑफिसला एक ओळ लिहून विचारा, त्याला तुमच्या भिंतीवर यायचंय का ते.